तुझ्या केबिनमधून घंटा आली नाही

मंदार,

तू गेल्याचं मला तुझ्या पलीकडच्या केबिनमधल्या नोएलनं सांगितलं. तोवर मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. आमच्या आयरिश गावात, पोर्टलीशमध्ये, सुपरमार्केटबाहेर मी डिकीत सामान ठेवत होते. अनोळखी नंबर बघून आधी फोन उचललाच नाही. पोलिस माझ्या दाराची बेल वाजवून परत गेले होते, हे नंतर कळलं. फोन पुन्हा वाजला.

"तुम्ही मॅन्डीच्या सिस्टर का?"

तिकडे सगळे तुला मॅन्डी म्हणतात हे मला ठाऊक होतं, आणि आवडत नव्हतं. "मंदारची बहीण," मी म्हटलं.

"हो. मंदारची," तो म्हणाला.

नंतर त्यानं जे सांगितलं त्यातलं निम्मं मला त्या दिवशी कळलं नाही. तुझ्या त्या एकेरी लाइनवर गाड्या कशा चालतात हे तू मला दहादा समजावायला बघितलं होतंस आणि दहाही वेळा मी माझ्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. आता विचार, सगळं पाठ आहे. दोन सिग्नल केबिन, मधे मैलोन् मैल एकच रूळ. त्या रुळावर जायचं तर ड्रायव्हरच्या हातात एक पोलादी दांडा हवा. दांडा नाही तर गाडी नाही. दोन्ही केबिनमध्ये एकेक लोखंडी यंत्र असतं, दांडे त्यात कुलूपबंद. एका केबिनमधल्या माणसाला दांडा काढायचा असेल तर दुसऱ्या केबिनमधल्या माणसानं त्याच वेळी आपल्या यंत्राचं बटण दाबून धरायचं. एकट्याच्या जोरावर तो निघतच नाही. म्हणजे एका वेळी एकच गाडी मधे असणार, टक्कर व्हायचा प्रश्नच नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी किती साधा विचार केला होता बघ ताई, असं तू म्हणायचास.

त्या जानेवारीतल्या सकाळी नोएलनं पहिल्या गाडीसाठी तुला घंटा दिली. एक ठोका. म्हणजे, आहेस का? तुझा ठोका उलट यायला हवा होता. आला नाही. त्यानं थोडं थांबून पुन्हा दिला. "दोन वर्षांत तो एक मिनिटही उशिरा आला नव्हता," नोएल मला म्हणाला. तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही तेव्हा तो उठला आणि त्यानं अंगात कोट चढवला. केबिन सोडून जायची त्याला मुभा नव्हती, तरी कोट घालून तो यंत्रासमोर उभा राहिला. गाडी त्याच्या फलाटावर तशीच उभी. शेवटी त्यानं वर कळवलं, गावातल्या तुझ्या घरमालकीणबाईंना फोन लावला, आणि त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीनं तुझं दार उघडलं.

तू झोपेतच गेला होतास. हृदयात जन्मापासूनच काहीतरी होतं म्हणे. सदतीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता. तुलाही नाही, आईलाही नाही, आणि स्वतःला तुझी दुसरी आई समजणाऱ्या मलाही नाही.

बाबा गेले तेव्हा तू बारावीत होतास. तुझी फी, तुझा प्रवेश, लिमरिकची युनिव्हर्सिटी, सगळं मी ठरवलं. शॅननच्या विमानतळावर तुला घ्यायला आले होते. तू दोन स्वेटर एकावर एक घालून बाहेर आलास आणि पहिलं वाक्य काय, तर "ताई, इथे गावातून रेल्वे जाते का?" मला वाटलं थंडीनं बरळतोयस. एमएस्सी झालं, लगेच नोकरी लागली, लिमरिकच्या चकचकीत ऑफिसात तू दहा वर्षं काढलीस. चिंचवडला आई शेजारणींना तुझा हुद्दा सांगायची. तो तिला नीट उच्चारता यायचा नाही, पण सांगायची.

आणि एके दिवशी फोनवर म्हणालास, "ताई, मी राजीनामा दिला. रेल्वेत घेतलंय मला. सिग्नलमन."

मी विचारलं, सिग्नलिंगचं सॉफ्टवेअर का? तू म्हणालास, "नाही. तरफा ओढायच्या."

आईला सांगायचं नाही हे मी ठरवलं, तू नाही. तेवढं मान्य करते. जवळजवळ वर्षभर तू दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आईशी व्हिडिओवर बोलत होतास. एकदा मागे, खुंटीवर टांगलेलं तुझं भडक नारिंगी जॅकेट दिसलं. आईनं विचारलं, हे काय रे? तू म्हणालास, सायकल चालवताना घालतो. मी स्क्रीनच्या दुसऱ्या चौकटीत मख्ख बसून होते. तुला खोटं बोलायला जमत नव्हतं. कान लाल व्हायचे. ते मी तुला करायला लावलं.

उन्हाळ्यात आई आली. खरं कुणी सांगायचं यावर आपण दोघं आठवडाभर भांडलो, आणि शेवटी तू काही सांगितलंच नाहीस. "आई, उद्या माझं ऑफिस बघायला चल," एवढंच म्हणालास. मी कारनं तिला तुझ्या स्टेशनवर घेऊन आले. केबिनमध्ये बाहेरच्यांना जायची परवानगी नाही, म्हणून तू तिला समोरच्या बाकावर बसवलंस, तिच्या मांडीवर ते नारिंगी जॅकेट पांघरलंस आणि लाकडी जिना चढून वर गेलास. मी कारमध्येच बसून राहिले. तिथून सगळं दिसत होतं. तू हातात फडकं घेऊन एकेक तरफ ओढत होतास. लांब वळणावर सिग्नलचा हात खाली झुकला. दोन डब्यांची गाडी आली. तू दांडा घेऊन खाली उतरलास, ड्रायव्हर खिडकीतून वाकला, त्यानं त्याच्याकडचा दांडा दिला, तुझा घेतला. मग त्याचं लक्ष आईकडे गेलं. नऊवारीवर स्वेटर, पायात तुझे मोजे. "इज दॅट द मॅमी?" तो ओरडला. आई उभी राहून म्हणाली, "येस. मॅमी." गाडीतली माणसं हसली, कुणीतरी हात हलवला.

मला वाटलं, आता आई रडणार. कारमध्ये बसल्यावर तिनं आधी तुझे मोजे वर ओढले. मग म्हणाली, "एवढी मोठी गाडी. ह्यानं हातात दिल्याशिवाय हलली नाही गं." आणि पुढे म्हणाली, "तो कॉम्प्युटरवर काय करायचा ते मला कधी कळलंच नव्हतं. हे कळलं."

मला नाही कळलं. त्याच संध्याकाळी तू आमच्याबरोबर पोर्टलीशला निघालास. वाटेत पेट्रोल पंपावर आई हात धुवायला उतरली आणि तेवढ्या दोन मिनिटांत मी तुला म्हणाले, "सात वर्षं शिकून शेवटी फाटकवाला झालास."

तू चिडला असतास तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "फाटकवाला नाही गं. फाटकं बायका सांभाळायच्या. एक ब्रीडी म्हणून होती, तिची गोष्ट सांगतो तुला..."

"मला गोष्ट नकोय मंदार."

तू खिडकीबाहेर बघायला लागलास. आई आली. आपण निघालो.

गोष्टी तू ईराला सांगायचास. माझी मुलगी माझ्याशी मराठीत बोलत नाही, पण तुझी मराठी कान देऊन ऐकायची आणि तिच्या आयरिश इंग्रजीत उलटतपासणी घ्यायची. आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांच्या मधून तू बोटानं रूळ आखायचास. इथे एक मोठी कंपनी, तिथे दुसरी मोठी कंपनी, आणि त्या दोघींच्या कात्रीत सापडलेली ही चिमुकली कंपनी, चार व्यापारी आणि दोन जमीनदारांनी मिळून काढलेली. एका जमीनदाराला घोड्यांजवळ धूर नको होता, म्हणून रुळानं वळसा घेतला. दुसऱ्याला स्टेशन स्वतःच्या दाराशी हवं होतं, म्हणून गाव एकीकडे आणि स्टेशन भलतीकडे. "दॅट्स नॉट ट्रू, मामा." "शप्पथ!" पुढे मोठ्या कंपनीनं धाकटीला गिळलं, मग सरकारनं मोठीलाही घेतलं. पण तुझ्या केबिनमधल्या यंत्रावर, पितळी पट्टीवर, अजून त्या धाकट्या कंपनीची अक्षरं आहेत. तू ती रोज पुसायचास. "कंपनी मेली, पण गाडी सोडतो तो तिचाच दांडा," असं म्हणून तू भाताचा मोठा घास घ्यायचास.

दर दोन-चार वर्षांनी उठणारी अफवा पुन्हा उठली होती, की ही लाइन बंद करणार. सगळे कारनं जातात, गाडीत माणसं किती असतात? तू गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन पत्रं लिहिलीस, सभा घेतलीस. मी काय म्हणाले आठवतं? "बंद झाली तर बरंच. तू परत माणसांत येशील."

आणि मग दिवाळी. आपलं शेवटचं भांडण. आई बाथरूममध्ये पडली होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, शेजारच्या काकू किती दिवस बघणार? मी म्हणत होते तिला कायमची इथे आणू. तू म्हणत होतास, तिला इथे काय आहे, आपल्यापैकी कुणीतरी तिकडे जायला हवं. मी म्हटलं, माझी नोकरी, ईराची शाळा, घराचे हप्ते. तू म्हणालास, "मग मी जातो."

"चाळिशीला आलास. तिकडे कोण घेणार तुला रेल्वेत?"

"नाही घेतलं तर नाही. आईजवळ नुसता बसेन."

"बसणं तुला चांगलं जमतं," मी म्हणाले.

तू चहाचा कप विसळलास, प्रेसमध्ये जागेवर ठेवलास. इथे राहून कपाटाला आपण सगळेच प्रेस म्हणायला लागलो होतो. ईराच्या केसांतून हात फिरवलास आणि स्टेशनवर चालत गेलास. मी सोडायला आले नाही. समोरासमोर मी तुझ्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य. पुढचे अडीच महिने तू मला फोटो पाठवत होतास. दहिवरानं पांढरे झालेले रूळ. सिग्नलच्या तारेवर बसलेला एक कावळा, खाली लिहिलेलं, "माझा असिस्टंट." मी अंगठा पाठवायचे.

तुला अग्नी दिला त्या दिवशी माझ्या ओळखीची माणसं मोजकीच होती. व्हिसा वेळेत मिळाला नाही, आई चिंचवडच्या घरातून फोनवर बघत होती. फोन कुणी धरायचा हा प्रश्न आला तेव्हा मागच्या बाकावरून एक धिप्पाड म्हातारा पुढे आला. "मी धरतो," म्हणाला. आवाजावरून ओळखलं, नोएल. पूर्ण वेळ तो दोन्ही हातांनी फोन धरून उभा होता. हात हलला नाही त्याचा. मधेच तो हळूच वाकून फोनमध्ये बघायचा, आई नीट दिसतेय ना, तिला दिसतंय ना. आई त्याला मराठीत सांगत होती, "जरा डावीकडे, बाळा." तो डावीकडे सरकत होता.

मागची सगळी रांग तुझ्या लाइनवरची होती. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधली माणसं, ड्रायव्हर, शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली. सगळं आटोपल्यावर एक वृद्ध बाई माझ्याजवळ आल्या. नोरा. दर गुरुवारी डोळ्यांच्या उपचारासाठी लिमरिकच्या हॉस्पिटलात जातात, तुझ्या गाडीनं. त्या नोएलच्या स्टेशनवर चढतात, आणि तुझ्या फलाटावर गाडी थांबली की तू खिडकीशी जाऊन त्यांची चौकशी करायचास.

"त्या सकाळी मी गाडीत होते," त्या म्हणाल्या. "गाडी हलेना. मला उशीर होत होता. मी सगळ्या डब्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, झोपला असेल तो पोरगा." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मी असं म्हणाले आणि तो... मला माफ कराल का? आता त्याला कसं विचारू?"

मी त्यांना सांगायला हवं होतं की तुमची काही चूक नाही. तसंच सांगायचं असतं. माझ्या तोंडून निघालं, "मीही. मीसुद्धा खूप बोललेय त्याला." मग आम्ही दोघी तिथे, दहनगृहाच्या पायऱ्यांवर, एकमेकींना धरून रडलो. माझा नवरा लांब उभा राहून बघत होता, त्याला कळेना ह्या कोण.

पुढच्या आठवड्यात नोएल तुझं केबिनमधलं सामान घेऊन घरी आला. डबा, तरफा ओढायचं फडकं, निळी वही. वही त्यानं उघडून बघितली होती, पण अक्षरं मराठी. "काय लिहिलंय?" त्यानं विचारलं. मी पानं उलटली आणि ब्रीडी सापडली. जी मी ऐकून घेतली नव्हती, तीच.

मी त्याला वाचून दाखवत गेले, मराठीतून इंग्रजीत. नवरा रुळांच्या गँगमध्ये, बायको फाटकावर. कंपनीचं घर त्यावर मिळायचं. नवरा मेला तर जोवर फाटक सांभाळेल तोवर घर तिचं. ब्रीडीचा नवरा तापात गेला, पहाटे. घरात शेजारीपाजारी जमलेले. दुधाच्या गाडीची वेळ झाली तशी ती प्रेताशेजारून उठली, बाहेर गेली, फाटक लावून घेतलं, दिवा दाखवला, गाडी जाऊ दिली, फाटक उघडलं आणि परत येऊन जागेवर बसली. खाली तू लिहिलं होतंस: "कंपनीच्या त्या दिवसाच्या नोंदींत काही नसणार. जिथे काम नीट पार पडलं तिथे इतिहासाला लिहायला काही उरत नाही. म्हणून मी लिहून ठेवतोय."

नोएलनं वही स्वतःकडे ओढून घेतली. "ती माझी आजी," तो म्हणाला. दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात त्यानं तुला फोनवर ही गोष्ट सांगितली होती. तू लिहून घेत होतास हे त्याला माहीत नव्हतं. जाताना दारात थांबून म्हणाला, "दुधाची गाडी लिहिलीय ना त्यानं? ती जत्रेची होती, गुरांची. तेवढं दुरुस्त करा." मी दुरुस्त केलं. तुझ्या अक्षरावर काट मारताना हात धजेना, म्हणून बाजूला लिहिलं.

मंदार, तू बरोबर होतास आणि मी चूक, असं लिहायला बसले होते. पण तेवढं सोपं नाही ते. लाइन चालेल की नाही, कुणालाच माहीत नाही. आई कुठे राहील, हेही अजून ठरलेलं नाही. तुझ्या अस्थी घेऊन मी गेले, आळंदीला इंद्रायणीत सोडल्या, तीन आठवडे आईजवळ राहिले. ऑफिसला सांगितलंय, सहा महिने तिकडूनच काम करीन. ते देतील बहुधा. आपण तो वाद पूर्ण करायला हवा होता. मी चार गोष्टी कबूल केल्या असत्या, तू दोन. आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं, आणि तुझी बाजू मी हरू देत नाही.

मी परत आल्यापासून आई रोज तिच्या जेवणाच्या वेळेला फोन करते. इथे तेव्हा सकाळ असते. विचारते, गाडी गेली का? मी मोबाइलवर बघून सांगते, गेली. मागच्या आठवड्यात तिनं विचारलं, "त्याच्या जागी कोण आलंय?" मी म्हटलं, एमर म्हणून एक मुलगी आहे, स्लायगोकडची, नोएलनं शिकवलं तिला. आई म्हणाली, "एकटी राहते का? तिला एकदा जेवायला बोलाव."

"अगं, मी तिला ओळखतसुद्धा नाही."

"मग बोलव ना. आपोआप ओळखशील."

काल, रविवारी, एमर आली. लाल केस, सव्वीस-सत्तावीसची असेल. बुजलेली. आईनं फोनवर सांगितल्याप्रमाणे मी मटारची उसळ, पोळ्या, गोडाचा शिरा असं केलं होतं. ती नेमकी तुझ्या खुर्चीवर बसली. ईरा काही बोलणार होती, मी मानेनंच नको म्हटलं. शिरा तिनं दोनदा घेतला. मग हात पुसत म्हणाली, की लाइनवर सगळे त्याच्याबद्दल बोलतात, पण ती त्याला कधी भेटली नाही. "कसा होता तो?"

ईरा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "तो फार बोलायचा. आणि मी ऐकत नव्हते."

एमर हसली नाही. तिनं ताट बाजूला सरकवलं, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि ऐकायला बसली. मग मी तिला शॅननच्या विमानतळापासून सांगायला सुरुवात केली.